मिशीवाल्या आत्याची नात

बहरीनमध्ये जन्मलेल्या निम्म्याअधिक मराठी मुलांची आत्या एकच आहे आणि तिला भरघोस मिशा आहेत. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं कोणी हे पहिल्यांदा म्हटलं त्याला खात्री असणार की अशी वेळ कधी येणार नाही. तो आमच्या उम्म अल हस्सम भागातल्या इमारतीत आला असता तर जिन्यातच त्याची बोलती बंद झाली असती. आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे गृहस्थ मूळचे वाईचे, अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे, आणि एका बांधकाम कंपनीत हिशेब तपासणारे. त्यांना काका म्हणावं की आत्या, हा वाद आम्ही फार पूर्वी मिटवून टाकला. आम्ही त्यांना आत्याकाका म्हणतो. तेही त्या हाकेला ओ देतात, आणि ती देताना मिशीवरून हात फिरवतात.

हे पद त्यांना मिळालं ते जेवायला गेले असताना. परदेशात मूल वेळेवर येतं, पण बाळाच्या आत्याचा व्हिसा वेळेवर येत नाही, हा इथला जुना अनुभव. तर अशाच कोणाच्या तरी घरी बारसं होतं. पाळणा सजलेला, घुगऱ्या शिजलेल्या, बायका नटून उभ्या, आणि बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या मात्र तिकडे पुण्यात पासपोर्ट हातात धरून बसलेली. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आत्याकाकांना भूक लागली होती. ते उठले, "सरका, मी वाकतो" म्हणाले आणि पाळण्यावर वाकले. रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. काकू, म्हणजे त्यांची पत्नी, सांगतात की त्यात सगळ्यात जोराचा धपाटा त्यांचा होता, कारण अशी संधी संसारात पुन्हा येत नाही. त्या दिवसापासून बेटावर कुठेही मराठी बाळ जन्मलं की पेढ्यांआधी आत्याकाकांना फोन जायला लागला.

पण गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट गमतीवर सोडतील तर ते आत्याकाका कसले. त्यांनी त्याचं शास्त्र केलं. पहिला नियम, आईबापांना नाव ठेवायचा हक्क नाही. "तुम्ही मूल दिलंत, पुरे झालं," असं ते हौशी तरुण बापांना तोंडावर सांगत. हक्क आत्याचा, ते स्वतः फक्त तिचे वकील. म्हणून बारशाआधी ते भारतात फोन लावून खऱ्या आत्याला विचारत, "बोला ताई, काय नाव देताय?" ती जे म्हणेल ते शेवटचं. आईबापांनी मोबाइलमध्ये शोधून ठेवलेली नावं मग मोबाइलमध्येच राहायची. ती आत्या "तुम्हीच बघा काहीतरी" म्हणाली, किंवा बापाला बहीणच नसली, तरच ते स्वतः नाव निवडत. या बाबतीत ते स्वतःचं उदाहरण द्यायचे. त्यांना मुलगी झाली तेव्हा त्यांच्या मनात शर्वरी हे नाव होतं, अगदी लग्नाच्या आधीपासून. पण त्यांच्या थोरल्या बहिणीनं बारशाला येऊन गार्गी म्हटलं. "संपलं. खलास. मी एक शब्द काढला नाही," असं ते सांगत, आणि ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत की तो न काढलेला शब्द सगळ्या बहरीनला पाठ झाला होता.

नाव सापडलं तरी ते लगेच पाळण्यात जात नसे. आधी त्याच्या परीक्षा होत. अरबीत प नाही आणि च नाही, त्यामुळे पल्लवीची बल्लवी होते आणि जन्मभर कागदोपत्री तशीच राहते, म्हणून प आणि च बाद. मुक्ता, मौक्तिका, मोतिया बाद, कारण या बेटावर पूर्वी मोती निघायचे हे कळल्यावर दर तिसऱ्या जोडप्याला तेच सुचतं. मग हाकेची परीक्षा. संध्याकाळी आत्याकाका गॅलरीत येऊन उभे राहत आणि दूध उतू जात असताना आई जशी हाक मारते तशी हाक मारून बघत. त्यानंतर रागावलेली हाक, आणि शेवटी पडसं झालेल्या आजीची हाक. एकदा त्यांनी "ऋग्वेद, उतर खाली" असं ओरडून पाहिलं तर इमारतीचा बंगाली वॉचमन कोण कुठे चढलंय ते बघायला गच्चीपर्यंत धावत गेला. तो धापा टाकत खाली आला तोवर नाव बाद झालं होतं. "रागावताना पारायण सुरू केल्यासारखं वाटतं," आत्याकाका म्हणाले, "पोराला धाक काय बसणार?"

या नादापायी त्यांच्याबरोबर बाहेर जाणं हा एक प्रकारच होऊन बसला होता. अदलियातल्या कॅफेत वेटर मुलगी ऑर्डर घ्यायला आली की हे आधी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचत आणि विचारत, "अर्थ काय याचा?" तिला माहीत नसला तर पुढच्या खेपेला हे शोधून आणून तिला सांगत, आणि ती मुलगी कॉफीबरोबर न मागितलेला केक आणून ठेवी. टॅक्सीवाल्यांची नावं, बँकेतल्या मुलांची नावं, सगळ्यांचा उगम त्यांना ठाऊक. हूरा नावाच्या भागात रत्नागिरीकडचे एक दुकानदार आहेत, त्यांना नात झाली तेव्हा ते स्वतः आत्याकाकांकडे आले होते. "हनान ठेवलंय, काका. अर्थ माया. तिच्या आत्यानंच, म्हणजे माझ्या लेकीनं, निवडलंय, तुमच्या कायद्यानं." आत्याकाकांनी दोन्ही हात जोडून संमती दिली, आणि त्यानंतर रमजानात त्यांच्याकडे खजुराचा डबा न चुकता यायला लागला.

हे सगळं मी हसत हसत लिहिते आहे, पण या माणसाविषयी मी निव्वळ हसून मोकळी होऊ शकत नाही. माझी मुलगी दिवसांच्या फार आधी जन्मली. ओंजळीत मावेल एवढी, नळ्यांत गुंडाळलेली, काचेच्या पेटीत. माझ्या आईचा व्हिसा अडकलेला, सासूबाईंना प्रवास झेपण्यासारखा नव्हता, आणि नवऱ्याला सख्खी बहीण नाही. आम्ही दोघं त्या काचेसमोर उभे राहायचो आणि एकमेकांशी बोलायचो नाही, कारण बोलण्यासारखं एकच होतं. काकू रोज डबा द्यायच्या आणि आत्याकाका तो रोज ऑफिस सुटल्यावर आणून पोचवायचे. डॉक्टर "इंशाल्ला" म्हणायचे, म्हणजे देवाच्या मनात असेल तर, आणि मी पुन्हा काचेकडे वळायचे. बाराव्या दिवशी आत्याकाका इस्त्रीचा झब्बा घालून आले. मी म्हटलं, "आत्याकाका, आज नको. आधी तिला जगू तर द्या." तर म्हणाले, "नाव नसलेल्या माणसाला जग म्हणून सांगणार कसं?" आणि ते काचेपाशी गेले, वाकले, तोंड जवळजवळ काचेला लावून त्यांनी "कुर्रर्र" केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "जुई." मग वळून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बघताय काय? धपाटे घाला." हॉस्पिटलच्या त्या शांत कॉरिडॉरमध्ये माझा नवरा डोळे पुसत एका पोक्त गृहस्थाच्या पाठीत धपाटे घालतोय, हे पाहून सिक्युरिटीवाला पळत आला. आत्याकाकांनी वाकल्या वाकल्याच हात हलवला आणि अर्ध्या अरबीत, काही अडचण नाही अशा अर्थानं म्हणाले, "मफी मुश्किल, मफी मुश्किल, हमारा सिस्टम है." मला मुलगी झाल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले. जाताना ते मला म्हणाले, "जुई दिसायला नाजूक असते. पण एकदा धरली की मांडव वाकवते." तिनं मांडव खरंच वाकवला आहे, तिच्या वर्गशिक्षिकेला विचारा.

जुई घरी आल्यावर मी आत्याकाकांना म्हटलं होतं, आता रीतसर तिच्या कानात नाव सांगा. ते तयार झाले नाहीत. "मी सांगितलंय आणि तिनं ऐकलंय. पुन्हा सांगितलं तर तिला वाटेल, माझा तिच्यावर विश्वास नाही." तो विषय तिथंच संपला.

तर अशा या आत्याकाकांची गार्गी शिकायला स्वीडनला गेली, तिथल्याच एका सरळ, मितभाषी मुलाशी तिनं लग्न केलं आणि गॉथेनबर्गला स्थायिक झाली. जावई आत्याकाकांना पसंत होता, कारण पहिल्याच भेटीत त्यानं स्वतःच्या नावाचा अर्थ बिनचूक सांगितला. गार्गीला मुलगी होणार असं कळलं आणि आमच्या इमारतीत रोज संध्याकाळी एकच हाक ऐकू यायला लागली, "शर्वरीऽऽ". दूध उतू गेल्याची, रागावलेली, पडशातली, सगळ्या तऱ्हांची. एवढी वर्षं मनात दडवून ठेवलेलं नाव त्यांनी बाहेर काढून झटकून वाळत घातलं होतं. जावयाला बहीण आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण गोऱ्या लोकांत आत्या नसते, आंटी असते, आणि आंटीला कसला आलाय हक्क, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हणजे हक्क पुन्हा वकिलाकडे.

बाळ जन्मलं ऐन हिवाळ्यात. दुसऱ्या दिवशी गार्गीचा मेसेज आला, फोटोसकट: दोघी छान आहोत, नाव डाग्नी ठरलंय.

आत्याकाकांनी फोन टेबलावर पालथा घातला. त्यांनी नावाचा अर्थ विचारला नाही. हे वाचून तुम्हाला काही वाटणार नाही, पण आमच्या इमारतीत ते कळलं तेव्हा सगळे हादरले. सबंध बेटाच्या पोरांना नावं देणाऱ्या माणसाला स्वतःच्या नातीचं नाव एका ओळीच्या मेसेजमधून कळावं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. "डागणी दिल्यासारखं वाटतं ऐकताना," एवढंच ते बोलले, आणि नंतर तिचा उल्लेख "ते बाळ" असा करायला लागले. गार्गीचा फोन आला की त्यांना बाथरूम लागे. हूऱ्यातून एका जोडप्याचा बारशासाठी निरोप आला, तर "दुसरी आत्या बघा" म्हणून कळवलं. आणि अदलियातल्या कॅफेत नवीन लागलेली मुलगी समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी तिची पट्टी वाचली आणि नुसती कॉफी मागवली. त्या दिवशी काकू मला जिन्यात म्हणाल्या, "आता मात्र मला काळजी वाटायला लागलीय गं. बापलेकीचं बोलणं तुटलं तर मी कुणाकडे बघायचं?"

बारशाच्या दिवशी काकूंनी आम्हाला वर बोलावलं. टीव्हीवर गॉथेनबर्ग दिसत होतं. तिकडे अजून दुपारच होती, पण खिडकीबाहेर आत्ताच अंधारून आलेलं. वेताच्या टोपलीला फुलं बांधून पाळणा केला होता, गार्गी नऊवारीवर स्वेटर घालून बसली होती, आणि पाळण्याजवळ तिची नणंद उभी होती, उंच, सोनेरी केसांची, परीक्षेला बसल्यासारखा गंभीर चेहरा करून. आत्याकाका आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी आत गेले. ज्या माणसानं माझ्या मुलीसाठी काचेला तोंड लावलं तो इथं एका पेपरामागे बसून राहावा, हे मला सोसवेना. मी म्हटलं, "आत्याकाका, चला ना." पेपर हलला नाही.

मग काकू दारात आल्या. "अहो, नाव ठेवायचा हक्क कुणाचा असतो?"

"आत्याचा," पेपरामागून सवयीनं उत्तर आलं.

"मग ती बाहेर उभी आहे ती बाळाची कोण लागते?"

"आंटी लागते. त्यांच्यात सगळ्याच आंट्या."

"बाबा, मला ऐकू येतंय," बाहेरून टीव्हीतून गार्गी म्हणाली. "मला शर्वरीच ठेवायचं होतं. तुमच्यासाठी. पण तुमच्या ताईनं माझं गार्गी ठेवलं तेव्हा तुम्ही शब्द काढला नव्हता ना? मग मी कसा काढू? मी नणंदेला सांगितलं, आमच्याकडे हा तुझा हक्क आहे. ती बिचारी कितीतरी दिवस विचार करत होती. नाव तिनं ठेवलंय, बाबा. आम्ही नाही."

पेपर खाली आला. स्वतःचाच कायदा, स्वतःच्याच लेकीनं, स्वतःवरच लावलेला. मग त्यांनी चष्मा पुसला, मिशी सारखी केली आणि बाहेर येऊन टीव्हीसमोर बसले. स्वीडिश आत्याला त्यांनी इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, "अर्थ?"

ती सांगायला लागली. तिच्या आजीचं हे नाव. शब्द फार जुने, नॉर्स भाषेतले, म्हणजे स्वीडिशच्या पूर्वज भाषेतले. डाग म्हणजे दिवस, नी म्हणजे नवा. नवा दिवस. आजीही अशीच ऐन काळोख्या महिन्यात जन्मली होती, म्हणून तिला ते दिलं होतं. "आणि ते आजीला कुणी दिलं?" आत्याकाकांनी विचारलं. ते तिला माहीत नव्हतं. पण ती म्हणाली, "बहुतेक तिच्या आत्यानं दिलं असावं असं आता मी सगळ्यांना सांगणार आहे. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे. फास्टर."

आत्याकाका ताठ बसले. "वेगळा? मावशीचा वेगळा आणि हा वेगळा?"

"वेगळा."

"बघा," ते आमच्याकडे वळून म्हणाले, "इंग्रजांनी सगळ्या बायका एका आंटीत कोंबल्या. या लोकांनी नीट ठेवल्यात." एवढ्यावर त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. ते उठले आणि गॅलरीत गेले. "डाग्नीऽऽ," आत्याकाकांनी हाक मारली, "दूध उतू गेलं गंऽऽ." खाली वॉचमननं सवयीनं वर पाहिलं. मग रागावलेली हाक झाली, पडशातली झाली. आत येऊन ते म्हणाले, "हाक लांबपर्यंत जाते. प नाही, च नाही. पास." आणि मग हळूच, काकूंकडे न बघता, "शर्वरी म्हणजे रात्र. मी त्या काळोखात आणखी एक रात्र पाठवत होतो. त्या बाईनं दिवस आणला. तिला जास्त कळतं."

मग जावयाला धपाट्यांचं शिक्षण देणं आलं. बहिणीच्या पाठीत मारायचं हे त्या सभ्य मुलाच्या गळी उतरेना, आणि ती आत्या पुन्हा पुन्हा विचारत होती, किती जोरात? "सांग त्याला," आत्याकाका गार्गीला म्हणाले, "पाठ आत्याची आहे, चिनी मातीची नाही." ती वाकली, तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, धपाटे पडले, आणि इकडे बहरीनमध्ये एका मिशीवाल्या आजोबांनी टीव्हीकडे बघत इतका मोठा "कुर्रर्र" केला की तिकडे डाग्नी दचकून रडायला लागली. "ऐकलं तिनं," ते म्हणाले आणि घुगऱ्यांकडे वळले. त्या आठवड्यात हूऱ्याच्या जोडप्याला त्यांनी स्वतःहून फोन केला.

या वर्षी आत्याकाकांची नोकरी संपली. इथं नोकरी संपली की राहणंही संपतं, त्यात कुणाचा दोष नाही. आधी वाई, मग काही महिने गॉथेनबर्ग, असा त्यांचा बेत ठरला. सामान गेलं, पडदे उतरले, गॅलरी रिकामी दिसायला लागली. माझ्या नवऱ्याला आत्याचं पद घ्यायची फार इच्छा होती, पण आत्याकाकांनी त्याची पाठ चाचपून पाहिली आणि नकार दिला. निघायच्या सकाळी आम्ही सगळे खाली गाडीपाशी उभे होतो. मला त्यांचे आभार मानायचे होते. मी नुसती त्यांच्या पाया पडले.

गाडीचं दार उघडून आत्याकाका थांबले, परत फिरले आणि जुईसमोर गुडघ्यांवर हात टेकून वाकले. जुईला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तरं इंग्रजीत देते, आमच्या इमारतीतल्या सगळ्या मुलांसारखी. तिचे केस बाजूला करून ते तिच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "जुई." मग माझ्याकडे बघून ओशाळून हसले. "म्हटलं, काचेतून नीट ऐकू गेलं असेल की नाही, कोण जाणे. इतकी वर्षं मनात राहिलं होतं."

"ऐकलं होतं मी, आत्याकाका," जुई म्हणाली, चक्क मराठीत. "तेव्हाच."

ते तसेच वाकून राहिले, लगेच उठले नाहीत. माझा नवरा पुढे झाला आणि रीतीप्रमाणे त्यानं त्यांच्या पाठीत धपाटे घातले.